इंदिराचं हंगामी स्थलांतर

६ जानेवारी
इंदिरा माहेरी, रोहण्याला जाऊन दोन महिने होत आले. काळजीचं कारण नाही. भूगोलाच्या भाषेत हे हंगामी स्थलांतर. माणूस जातो, हंगाम संपला की परततो. जाताना ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून काहीतरी सांगत होती. नेमका तेव्हा मी कॉलेजातल्या जयंतीच्या भाषणाचा शेवट बसवत होतो. त्या शेवटाला सभागृह उठून उभं राहिलं. तिचं वाक्य मात्र आठवत नाही. महत्त्वाचं असतं तर पुन्हा म्हणाली असती.
संकल्प : संक्रांतीपर्यंत वाट पाहणे. हळदीकुंकवाला ती येणारच.

१५ जानेवारी
आली नाही.
शेजारच्या वच्छलाबाईंनी तिळगूळ दिला आणि "काऊन जी सर, मॅडम अजून नाई आल्या?" असं आमच्या अख्ख्या बोरगाव मेघेला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं. मी त्यांना माहेरपणाचं सामाजिक मूल्य समजावून सांगू लागलो. त्या वाटी घेऊन मध्येच निघून गेल्या. श्रोते घडवावे लागतात.

२० जानेवारी
एम.ए.ला 'संशोधन पद्धती' सुरू केली. गरजलो. खुर्चीत बसून भूगोल लिहिणाऱ्यांनो, पायाला माती लागू द्या! टाळ्या.
टाळ्यांमध्येच सुचलं. यंदाचा फील्ड सर्व्हे रोहण्याला. विषय : ग्रामीण भागातील स्थलांतराची कारणे. ज्ञानाच्या वाटेवर सासुरवाडी लागली, तर त्याला ज्ञान काय करणार?

२३ जानेवारी
प्रश्नावली तयार. एक प्रश्न विशेष जमला आहे : 'मूळ घरी सर्व सोयी असूनही आपण काही काळापुरतेच बाहेर राहात आहात, हे खरे ना?'
आकांक्षा (वर्गात पहिली, फार बोलते) म्हणाली, सर, ह्या प्रश्नातच उत्तर आहे, असं विचारायचं नसते. मी म्हणालो, पुस्तकं मीही वाचली आहेत, घरात चालायला जागा उरू नये इतकी.
प्रश्न कायम.

२७ जानेवारी
नमुना निवड. गावातल्या घरांच्या चिठ्ठ्या डब्यात टाकल्या. ज्यांची निघेल त्यांच्याकडेच जायचं, मन मानेल तिथे नाही, यालाच शास्त्र म्हणतात, असं ठणकावून सांगितलं.
सासऱ्यांचं घर निघालं नाही. चिठ्ठ्या नीट हलवल्या नव्हत्या. पुन्हा काढायला लावल्या. नाही. मग मी स्वतः काढल्या. निघालं. माझे डोळे उघडे होते, पण डोळे मिटावेत असा नियम कुठे लिहिलेला नाही.
मागच्या बाकावरून निकेश म्हणाला, "सर, ते चिठ्ठी डब्यात टाकालेच नव्हती पाहिजे, खिशातच ठेवाची." वर्ग हसला. म्हणजे सगळ्यांना माहीत आहे तर.

२ फेब्रुवारी
रोहणा. मुलाखत कशी घेतात ते मुलांना करून दाखवलं. तानबाजी नावाच्या गृहस्थांना विचारलं, मुलगा गाव सोडून का गेला? ते घसा साफ करत होते, तेवढ्यात मी पावसाचा लहरीपणा, शेतीचे तुकडे आणि शहरांचं आकर्षण हे तिन्ही मुद्दे मांडले. तानबाजी म्हणाले, "तुमाले सारंच मालूम आहे बाप्पा, मंग मले खाटेवरून काऊन उठवलं?" मुलं गरजेपेक्षा जास्त हसली.
सासऱ्यांच्या दारात आकांक्षानं अडवलं. नात्यातल्या माणसाची मुलाखत आपण घ्यायची नसते, सर. मी जाते. नियम माझ्याच नोट्समधला. नाइलाज.
अंगणात सासऱ्यांजवळ, महादेवरावांजवळ बसलो. दार लोटलेलं. आतून इंदिराचा आवाज येत होता. शब्द कळत नव्हते, पण आवाज थांबत नव्हता. मध्येच ती हसली. इतकी वर्षं मी तिला अबोल समजत आलो. सासऱ्यांना म्हटलं, हवापालटानं बोलकी झालेली दिसते. ते म्हणाले, "लहानपणापासून अशीच आहे जी, जावईबापू. तुमी चहा घ्या."
आकांक्षा बाहेर आली. डोळे लाल. इंदिरा काय म्हणाली, मी विचारलं. म्हणाली, ते सांगता येत नाही, सर. उत्तरं गोपनीय असतात.
मग मी स्वतःच आत गेलो. इंदिरा तूर पाखडत होती. घर, संसार, समाज या क्रमानं बोललो. आवाज शेवटी भरून आला, तोही मुद्दाम नव्हे. सूप खाली ठेवून ती म्हणाली, "झालं? मंग आता ऐका. समुद्रपूरच्या शाळेत लागली मी. येत्या परवा जाऊन राह्यली. रागावून नाई जी. थकून."
उत्तर द्यायला मी तोंड उघडलं. तिनं सूप उचललं.

५ फेब्रुवारी
शांतपणे विचार केला. निष्कर्ष : नोकरीनिमित्त स्थलांतर. शाळांना उन्हाळ्याच्या सुट्ट्या असतात. म्हणजे हंगामीच. माझं गृहीतक शाबूत आहे.
पोळ्या करायला बाई मिळाली. तिच्याशी बोलायला लागलो की ती मोबाईलवर गाणी लावते.

१३ फेब्रुवारी
आकांक्षा अहवाल द्यायला आली. जाता जाता म्हणाली, सर, राग नका मानू, मॅडमना एक फोन करा. पण काही सांगू नका. नुसतं विचारा.
विद्यार्थिनीनं मला पद्धती शिकवावी? तरी संकल्प केला. विचारायचं, आणि गप्प बसायचं. अवघड काय त्यात?

१५ फेब्रुवारी
फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला. आवाज मोकळा होता. मी विचारलं, समुद्रपूरची खोली कशी आहे? याहून साधा प्रश्न असू शकत नाही. इंदिरा म्हणाली, "बरी आहे. एकच खिडकी आहे, पण सकाळी तिच्यातून ना..."
खिडकी म्हटल्यावर मला दिशा आठवल्या. विदर्भात पश्चिमेची खिडकी उन्हाळ्यात किती घातक, ते सांगितलं. तिथून वाऱ्यांकडे, वाऱ्यांवरून वणा नदीच्या खोऱ्याकडे, खोऱ्यातल्या काळ्या मातीकडे. एकही शब्द अडला नाही. असं बोलणं या वर्षात झालं नव्हतं. शेवटच्या वाक्यावर टाळ्यांसाठी थांबतो तसा थांबलो.
पलीकडे काहीच नव्हतं. फोन केव्हा बंद झाला, कळलं नाही.
परत लावला. उचलला नाही.
सकाळी तिच्या खिडकीतून काय दिसत असेल?