मागच्या सीटवरचा वारा

२ नोव्हेंबर, सकाळ
तीनचाकी मोटारसायकल घेऊन महिना होत आला. पुढे दोन चाकं, मागे एक. पडणं अशक्य. तरी बायको मागे बसत नाही. गेल्या वर्षी जुन्या दुचाकीचं चाक डुगडुगतंय अशी शंका आली म्हणून मी चालत्या गाडीवरून वाकून पाहिलं आणि आम्ही दोघं रस्त्याकडेच्या चरात गेलो. तेव्हापासून तिने माझ्या मागे बसणं सोडलं. चाक डुगडुगत होतं, हे मी आजही सांगतो.
सोळा तारखेला साडूच्या नव्या घरी जेवण. तिला मागे बसवूनच जाणार. ठरलं.

२ नोव्हेंबर, संध्याकाळ
वरच्या मजल्यावरचे काका गाडीकडे बघून म्हणाले, "तीन तिघाडा, काम बिघाडा." स्वतःच हसले. हे रोज गाडीपाशीच का घुटमळतात, यावर लक्ष ठेवायला हवं.

४ नोव्हेंबर
शोरूमचा फोन. पहिल्या सर्व्हिसिंगला या. इतक्यात? नव्या नवरीला कोणी महिन्याभरात दवाखान्यात नेतं का? मॅन्युअल काढून पाहिलं. त्यातही तेच. म्हणजे छापणारेसुद्धा सामील.
बायको म्हणाली, "अहो, नवं इंजिन असतं, पहिलं तेल लवकर बदलतात." हिला हे कोणी सांगितलं?

५ नोव्हेंबर
तिच्या लाल नेलपॉलिशने बॅटरी, आरसे आणि चाकांच्या नटांवर खुणा केल्या. पार्ट बदलले तर ताबडतोब कळेल. ती रिकामी बाटली बघून म्हणाली, "लग्नातसुद्धा मी एवढी नटले नव्हते."

७ नोव्हेंबर
सर्व्हिसिंग. फोरमन नको इतका गोड बोलतो. गिऱ्हाइकांना काचेच्या खोलीत बसवतात. गार हवा, मऊ सोफा, फुकट कॉफी. हेतू उघड आहे. मी डोळ्यांत तेल घालून बसलो.
जाग आली तेव्हा गाडी धुऊन तयार होती. फोरमनने जुनं तेल दाखवलं. त्यात धातूची बारीक चमकी. म्हणाला, सुरुवातीला एवढं निघतंच. मी मान डोलावली. त्याला वाटलं, पटलं.
घरी येऊन खुणा तपासल्या. सगळ्या शाबूत. म्हणजे पार्ट बदलून वर पुन्हा पॉलिश लावलंय. रंग जरा फिका वाटतो.

९ नोव्हेंबर
तिने आपणहून विषय काढला. "वाऱ्याने माझा कान दुखतो. पुढे उंच काच बसवा, मग बसेन. एकदाच. आणि तुमची नजर रस्त्यावर." जिंकलो! असतील त्यांतली सगळ्यांत उंच काच मागवली. नजरेचं काय, ती रस्त्यावरच असते.

११ नोव्हेंबर
काच आली. फोरमनच्या हातात देणार नाही. स्वतः बसवली. रबराचे चार वॉशर उरले. जास्तीचे दिले असावेत. कंपन्या जास्तीचं काही देत नाहीत, तेव्हा यातही कुठेतरी पाणी मुरतंय.

१२ नोव्हेंबर
काच घूं घूं करते. सर्व्हिसिंगला त्यांनी नक्की काहीतरी सैल ठेवलं, मी पुन्हा यावं म्हणून. शिवाय काच धुरकट. कुणाची तरी वापरलेली गळ्यात मारली. सगळा रस्ता धुक्यात. उद्या दुकानदाराची हजेरी घेणार.

१३ नोव्हेंबर
दुकानदाराकडे निघालो तेवढ्यात बायको खाली आली. नखाने काचेचा कोपरा उचलला आणि केळं सोलावं तसं अख्खं प्लास्टिक सोलून काढलं. काच लख्ख. इतकं बेमालूम चिकटवायचंच कशाला?
मग वॉशरांकडे पाहून म्हणाली, "आणि हे कसे उरले? आमटी झाल्यावर मीठ उरलं, तर ते जास्तीचं होतं म्हणाल?" मी ते बसवले. घूं घूं बंद. एकदम कसं बंद झालं, हाही प्रश्नच आहे.

१६ नोव्हेंबर, सकाळ
ती बसतेय! नवी साडी, हेल्मेट, मांडीवर साडूसाठी मिठाईचा डबा. काका गॅलरीत उभे. बघू देत.

१६ नोव्हेंबर, रात्री
काच शंभर टक्के यशस्वी. वारा नाही, घूं घूं नाही. मागे बसलेल्याचा शब्दन् शब्द ऐकू येतो.
ही शांतताच मला खटकली. धड गाडी इतकी गप्प राहत नाही. म्हणून डाव्या चाकाकडे जरा वाकलो. "समोर बघा," ती म्हणाली. पाहिलं. मग उजवीकडे वाकलो. "अहो, समोर!" राहिलं फक्त मागचं चाक. त्यासाठी वळावं लागतं. वळलो तर थेट तिचे डोळे.
पडलो नाही. हे मुद्दाम लिहून ठेवतो. फक्त दुभाजकाला टेकलो.
ती उतरली. ओरडली असती तर बरं झालं असतं. हेल्मेट माझ्या हातात दिलं आणि शांतपणे म्हणाली, "मी बसने जाते. तुम्ही चाकं बघत या." थांब्यावर पोचली आणि बस हजर. इतकी लगेच? आधी ठरलेलं असणार.
बसच्या मागोमाग गेलो. ती शेवटच्या सीटवर, मागच्या काचेला पाठ लावून. साडूच्या घरापर्यंत एकदाही वळून पाहिलं नाही.
बसच्या आडोशाला वारा अजिबात लागत नाही. तशी काच लागणारच नव्हती.