कपाटातले सहा जण

लेबर कॅम्प, मुक्काम वाळवंट
३ जानेवारी २०२५

ती. स्व. तात्यांना रणधीरचा शि. सा. न. वि. वि.

पत्र पाहून दचकू नका. फोन आहे, पण मुकादम शेजारी बसून ऐकतो. तो सोलापूरचा असल्यानं त्याला आपल्या शिव्याही कळतात. म्हणून दुसऱ्या कंपनीतल्या, सुट्टीवर निघालेल्या मुरुमच्या खाजाभाईंच्या हाती ही चिठ्ठी देतोय.

माझा दोन वर्षांचा करार नोव्हेंबरातच संपला. घरी जातो म्हणालो, तर पासपोर्ट मिळेना. आमच्या खोलीतल्या अकराही जणांचे पासपोर्ट साहेबाच्या कपाटात आहेत. मागितला की तो म्हणतो, तुम्ही हरवाल, इथं जपून आहे. तात्या, मी अठराव्या मजल्यावर सळ्या बांधतो. आजवर एक सळई हरवली नाही.

पोरगी दीड वर्षाची झाली आणि मी तिला अजून उचललेलं नाही. शिवांजलीला मात्र यातलं काही सांगू नका, तिला वाटतं मी ओव्हरटाइमसाठी थांबलोय. तुम्ही वकिलातीला एक जोरदार अर्ज लिहा. आपल्या घराण्यात तुम्हीच तेवढे भांडायला शिकलेले.

काकूंना नमस्कार. तुमचा माझ्यावर लोभ आहे, तो आता कामाला लावा.

आपला रणधीर


बेंबळी
२८ जानेवारी २०२५

चि. रणधीर यास अनेक आशीर्वाद.

अर्ज पाठवला, सहा पानी. पण मी तेवढ्यावर थांबणारा नव्हे. सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत उभा राहिलो आणि पन्नास मिनिटं बोललो. शाळेच्या पोरांची जिलेबी गार झाली, सरपंचांनी दोनदा घड्याळ दाखवलं, मी त्यांना घड्याळाचा इतिहास सांगितला. माणसाचा कागद कुलपात ठेवणं म्हणजे माणूस कुलपात ठेवणं, असं मी गरजलो. गुलामगिरी संपली म्हणणाऱ्यांनी आखातात जाऊन यावं, असंही बजावलं. निषेधाचा ठराव एकमतानं मंजूर झाला. नक्कल खाजाभाईंबरोबर पाठवतोय.

आपल्या गुऱ्हाळावरची बिहारची सहा माणसं पुढच्याच रांगेत होती. सगळ्यांत जास्त टाळ्या त्यांच्या. अमरनाथनं तर डोळे पुसले. परदेशी माणसाचं दुःख त्यांना बरोबर कळतं. आपल्याकडं ती लई सुखात आहेत. राहणं, रेशन, औषधपाणी, सगळं मी बघतो. आधार कार्डंसुद्धा माझ्याच कपाटात आहेत, हरवायला नकोत म्हणून.

धीर सोडू नकोस. आशीर्वाद आहेतच, आवाजही आहे.

तुझा तात्या योगीराज


लेबर कॅम्प
१० फेब्रुवारी २०२५

ती. स्व. तात्यांना शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मी खोलीत मोठ्यानं वाचलं. भाषणाला टाळ्या पडल्या. आधार कार्डांच्या ओळीला बाकीचे दहाही जण इतके हसले की मुकादम बघायला आला. खाजाभाईंच्या कंपनीतला परंड्याचा साजिद ऐकायला आला होता, तो म्हणाला, तुझे काका तुमच्या साहेबाचे सोयरे दिसतात.

मी हसलो नाही. ती युक्ती तुम्हाला मीच शिकवली होती. तीन वर्षांपूर्वी ऐन हंगामात दोघं निघून गेले, तेव्हा कार्डं काढून घ्या असं मीच म्हणालो. कपाटाचं कुलूपही मीच धाराशिवहून आणलं.

तात्या, कार्डं देऊन टाका. हंगाम संपल्यावर नव्हे, आत्ता. नाहीतर तो सहा पानी अर्ज परत मागवा, मला त्याची लाज वाटेल.

हे पत्र सुट्टीवर निघालेला साजिद आणतोय. रागवा, पण उत्तर द्या.

रणधीर


बेंबळी
६ मार्च २०२५

चि. रणधीर यास राजेश्वरीकाकूचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या तात्यांनी उत्तर लिहिलं न्हाय, म्हणून म्या लिहिते. पत्र वाचून तीन दिवस माणूस घरात बोलला न्हाय. एवढी शांतता लग्नानंतर पहिल्यांदाच अनुभवली.

त्यांनी तुला एक सांगितलं न्हाय. भाषणाच्या दुसऱ्या दिवशी अमरनाथ दारात आला होता. हात जोडून म्हणाला, मालक, तुम्ही लई बरोबर बोललात, आता आमची कार्डं द्या. त्याची आई आजारी होती. तात्या म्हणाले, हरवशील, इथं जपून आहे. म्या चूल सारवत ऐकत होते. तवा म्याही गप बसले, ते आता खुपतंय.

चौथ्या दिवशी त्यांनी स्वतःच कपाट उघडलं. सहाही जणांना ओसरीवर बसवून चहा दिला, कार्डं दिली. भाषण करायला उठले आणि खाली बसले. अमरनाथ आणि तिघं त्याच सांजेला गेले. दोघं आपल्या मनानं राहिले. ऊस तसाच उभा, म्हणून चुलाणावर तात्याच बसले. जाळ जास्त घातला आणि अख्ख्या काहिलीतला गूळ करपवला. आता ते काळं ढेकूळ गावाला दाखवतात आणि माझीच चूक होती म्हणतात. गावाला वाटतं, गुळाबद्दल बोलतायत.

तू जिवाला जप. आमची माया तुला पुरून उरंल.

तुझी काकू


लेबर कॅम्प
२१ मार्च २०२५

ती. स्व. तात्या व काकूंना शि. सा. न. वि. वि.

काकूंचं पत्र साजिदनं आणलं, त्याच रात्री सगळ्यांना वाचून दाखवलं. सकाळी आम्ही अकरा जण कामाच्या बसमध्ये चढलो नाही. ऑफिसच्या पायरीवर बसलो. साहेबानं विचारलं, तुमचा बोलणारा कोण. सगळ्यांनी माझ्याकडं बोट दाखवलं. मी तुमच्यासारखा आवाज काढला, पण दोन वाक्यांत संपलो. मग साधंच सांगितलं. आमचं गुळाचं गुऱ्हाळ आहे, आमच्या घरीही असंच कपाट होतं, ते माझ्या चुलत्यांनी उघडलं, चौघं गेले, दोघं राहिले.

साहेबानं बराच विचार केला आणि विचारलं, मग गुळाचं काय झालं. मी म्हणालो, करपला. त्याला ते पटलेलं दिसलं नाही. पण तीन दिवस अठरावा मजला तसाच राहिला, वरून कंत्राटदाराचे फोन सुरू झाले, आणि चौथ्या दिवशी त्यानं किल्ली काढली. आठ जणांनी तिकीट काढलं. तिघं राहतो म्हणाले, ते राहतील.

मी दोन एप्रिलला उतरतोय. पासपोर्ट खिशात आहे, दर तासाला चाचपतो. फोटोत डोक्यावर भरपूर केस आहेत, ते इथंच राहिले. शिवांजलीला आता सगळं खरं सांगा, आणि पोरीला एवढंच सांगा की जो टकला माणूस उचलायला येईल, त्याला घाबरू नकोस.

लोभ होता म्हणून सुटलो, तो असाच राहू द्या.

आपला रणधीर