विहिरीचा नमुना

मंगळवार, ४ मार्च

ताई आज पुन्हा चहाला आली नाही! सलग सहावा दिवस. खाली शिंपीणबाईंकडे बसलेली. मशीनची घरघर आणि दोघींचं खिदळणं वरपर्यंत येत होतं. बावीस वर्षं आम्ही दोघी बहिणी समोरासमोरच्या खोल्यांत राहतो. माझी कामाची पाळी सुटली की चहा एकत्र. बाईंना येऊन जेमतेम सात महिने झालेत.

बाईंचा शोध असा— लोकांनी तक्रारी करू नयेत म्हणून नळाच्या पाण्यात औषध घालतात. तसं असतं तर आमच्या इमारतीतली भांडणं तरी थांबली असती!

गुरुवार, ६ मार्च

ताईने नळाचं पाणी सोडलं. आता बाईंबरोबर मागच्या विहिरीवर जाते.

मी एकोणीस वर्षं पाण्याच्या प्रयोगशाळेत नमुने तपासते. महिन्याभराचे रिपोर्ट तिच्यापुढे ठेवले. तिने चष्मासुद्धा लावला नाही. "तुझ्यावर विश्वास आहे गं, पण वरचे लोक तुम्हाला तरी सगळं सांगतात का?" 'वरचे लोक'! हे शब्द तिचे नाहीत, खालून उसने आणलेत.

रविवार, ९ मार्च

दोरा मागायचं निमित्त काढून खाली गेले. बाई विचारत होत्या, "गुडघे कधीपासून दुखतायत? नवा नळ आला तेव्हापासूनच ना? नीट आठवा." ताई आठवत होती. चेहरा काय खुलला होता! मी तिला एवढंच म्हणत आले, वजन कमी कर.

पाणी नुसतं निमित्त आहे, हे कळतं मला. तरी तळपायाची आग मस्तकात गेली.

सोमवार, १० मार्च

विहिरीचा नमुना गुपचूप नेला. दूषित निघू दे! असं कुणी मागतं का? मी मागितलं.

बुधवार, १२ मार्च

निघालं! मैल्याचे जंतू. रिपोर्ट पर्समध्ये घालून जवळजवळ धावतच घरी आले. जिन्यात दोघी. ताईच्या अंगात बाईंनी शिवलेला नवा ब्लाउज. बाई विचारत होत्या, "ताई, खांद्यात घट्ट होतोय का गं?"

ताई! आणि वर 'गं'! तिला ताई म्हणणारी मी एकटी होते.

नाही सांगितलं. पिऊ देत दोन दिवस.

शनिवार, १५ मार्च

आजही नाही सांगितलं.

सोमवार, १७ मार्च

ताईला पहाटेपासून उलट्या-जुलाब. रिक्षात मान टाकली तिने. दवाखान्यात शीर सापडेना, तीनदा टोचलं. बाई मात्र ठणठणीत— बाहेर बाकावर रडत बसल्या होत्या. मी त्यांना घरी जायला सांगितलं. फार तुटकपणे.

मंगळवार, १८ मार्च

विहिरीचा नवा नमुना नेला. रजिस्टरमध्ये आजची तारीख. जुना रिपोर्ट फाडला.

शनिवार, २२ मार्च

विहिरीला कुलूप लागलं. ताई घरी आली. चहा माझ्याकडे, आम्ही दोघीच. बाईंचं नावही काढलं नाही तिने. माझा हात धरून म्हणाली, "तुला आधी कळलं असतं तर धावत आली असतीस."

मी हो म्हटलं.