रुपालीच्या डब्यातली कोथिंबीर

रुपाली,

मी मंडळाच्या हळदीकुंकवाला जातेय. कोथिंबीर वड्या तुझ्या डब्यातल्या कोथिंबिरीच्या केल्या. आठवडा झाला तरी पान न् पान ताजं! माझी धुऊन ठेवलेली जुडी काळी पडली, ती टाकून दिली. हसू नकोस. बाजारातून आलेलं आधी धुवायचं, हे मला माझ्या सासूबाईंनी शिकवलं. तू न धुता कागदात गुंडाळून ठेवलीस, म्हणून तुला घाणेरडी म्हटलं. तेव्हापासून तू माझ्याशी बोलत नाहीस. वेगळी खोली बघायचं निलेशला सांगितलंस, तेही कळलं. एवढ्याशा घरात सगळं ऐकू येतं.

तुम्हा दोघांच्या वड्या ओट्यावर झाकून ठेवल्यात. गरम करून खा.

बायका विचारणारच, वड्या एवढ्या हिरव्यागार कशा? मी ताठ मानेने सांगणार, ही आमच्या रुपालीची पद्धत. अख्ख्या डिलाईल रोडवर कुणाला जमत नाही. शिकायचं असेल तर रविवारी घरी या.

म्हणजे रविवारी तुम्हाला खोली बघायला जाता येणार नाही. पाच-सहा जणी तरी येतील. मला अजून नीट जमत नाही, शिकवायला तू घरात हवीस.

आई