उजव्या डोळ्याचे पार्सल न अडविण्याबाबत

दिनांक : १८ नोव्हेंबर २०२५

प्रति,
मा. पोलीस अधीक्षक,
जिल्हा नंदुरबार

विषय : माकडाच्या उजव्या डोळ्याचे काप घेऊन येणारे पार्सल गांजा समजून न अडविण्याबाबत, तसेच हवालदार भटू पाटील यांच्यावरील ठपका दूर करण्याबाबत.

संदर्भ : संबंधित ठाण्यास दिलेले माझे यापूर्वीचे दोन अर्ज (पोच मिळाली, उत्तर नाही).

महोदय,

मी म्हसावदची रहिवासी असून महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवते. माकडाच्या डोळ्याचा पडदा हा माझा संशोधनाचा विषय आहे. गेल्या महिन्यात माझ्या नावे आलेले पार्सल कुरियरच्या कचेरीतच जप्त झाले. त्यावर इंग्रजीत ‘कॅनाबिनॉइड रिसेप्टर अभ्यासासाठी’ असे लिहिले होते. कचेरीतील गृहस्थांनी पहिला शब्द मोबाइलवर शोधला, गांजाच्या झाडाचे चित्र आले, त्यांनी ठाण्याला फोन केला. सध्या तूर-कापसाच्या ओळींत लावलेला गांजा पकडला जात असताना त्यांनी दक्षता घेतली, याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार त्यानंतरची आहे.

१. रिसेप्टर म्हणजे ग्राही. तो अमली पदार्थ नव्हे. पेशीवरचे ते एक प्रथिन असते, कुलपासारखे. शरीर स्वतः बनवते ती काही रसायने या कुलपाला किल्लीसारखी लागतात. गांजातील द्रव्यही लागते, म्हणून त्याला गांजाच्या ‘कॅनाबिस’ या शास्त्रीय नावावरून हे नाव पडले. कुलूप सापडले म्हणून चोर सापडला, असे होत नाही.

२. जबाबात मला विचारले, “सदर पदार्थाचा आणखी साठा कोठे आहे?” प्रश्नाचे बरोबर उत्तर द्यायचे, या सवयीने मी सांगितले : माकडाच्या डोळ्याच्या पडद्यात. सीबी-वन हा ग्राही मुख्यतः शंकुपेशींत, सीबी-टू म्युलर नावाच्या आधारपेशींत, आणि जीपीआर-पंचावन्न हा दंडपेशींत, ज्यांच्यामुळे आपल्याला मंद उजेडात दिसते. माणसांतही बहुधा तसेच, म्हणजे माझ्याही डोळ्यांत आणि जबाब घेणाऱ्या साहेबांच्याही. कागदावर उतरले ते असे : “साठा स्वतःच्या डोळ्यांत असल्याचे कबूल.” त्यावरून मला नेत्रतपासणीस पाठवण्यात आले. चष्म्याचा नंबर वाढला आहे, याखेरीज अहवालात काही नाही.

३. पंचनाम्याच्या वेळी पार्सल पंच इंदरमल शेठ यांच्या किराणा दुकानाच्या काट्यावर तोलले. काचपट्ट्यांवरील काप गोठलेले राहावेत म्हणून भोवती सुका बर्फ भरलेला होता. हा बर्फ पाण्याचा नसतो. तो कार्बन डायऑक्साइड वायू गोठवून करतात. त्याचे पाणी होत नाही, तो पुन्हा वायू होऊन निघून जातो. मी हे तेथेच सांगितले. तरी बर्फासकट वजन धरले, लाखेचे सील लावले आणि खोके मालखान्यात कपाटावर ठेवले. पुढे फेरतपासणीत सील शाबूत निघाले, वजन मात्र निम्म्याहून कमी भरले. त्यावरून मालखान्याचे हवालदार भटू पाटील यांनी माल परस्पर विकला, असा संशय घेऊन त्यांना नोटीस दिली आहे. इंदरमल शेठ “काटा मन्हा खरा शे” एवढेच सांगतात. वर मलाच म्हणाले, “बेन, डब्बावर साड्या लिखी टाक्या व्हत्या तं कोन उघाडतं?” भटूभाऊ ठाण्याच्या पायरीवर भेटले. “ताई, माल हवामा उडी गया, हाई मी सायेबले कोनत्या तोंडे सांगू? तुम्हीच लिखी द्या.” तेव्हा लिहून देते : माल हवेत उडून गेला. हे विधान शब्दशः खरे आहे आणि ते सिद्ध करण्यास मी सुक्या बर्फाचा तुकडा व काटा घेऊन आपल्या कार्यालयात येण्यास तयार आहे.

४. जप्त झालेले काप डाव्या डोळ्याचे होते. ते आता निरुपयोगी झाले आहेत. मला परत नकोत. ते माकड एका संगोपन केंद्रात म्हातारपणाने मेले. इतक्या वृद्ध माकडाचा डोळा मृत्यूनंतर लगेच काढून गोठवलेला मिळणे फार दुर्मीळ असते आणि त्यासाठी प्राणी मारणे मला मान्य नाही. म्हातारपणी अंधारात दिसेनासे होते, तेव्हा दंडपेशींतला तो ग्राही जागेवर उरतो की नाही, एवढेच मला पाहायचे आहे. ते आता फक्त उजव्या डोळ्यात पाहता येईल.

५. उजव्या डोळ्याचे पार्सल येत्या शुक्रवारी पोहोचत आहे. त्यावरही तोच मजकूर असेल, कारण तो खरा आहे. मी साड्या लिहिणार नाही. ठाण्याला शंका असल्यास अंमलदारांनी माझ्यासोबत प्रयोगशाळेत यावे, पार्सल तेथे उघडावे, डीप फ्रीझरला सील लावून किल्ली स्वतःकडे ठेवावी. माझी हरकत नाही. केवळ ते वाटेत अडवू नये, असा आदेश शुक्रवारपूर्वी व्हावा. माकडाला डोळे दोनच असतात, आणि एक ठाण्यात जमा आहे.

आदेशाच्या प्रतीक्षेत,

(सही)
डॉ. ममता करणसिंग गिरासे
मु. पो. म्हसावद, ता. शहादा

सोबत :
वन विभागाच्या परवानगीची प्रत
पाठवणाऱ्या संस्थेचे पत्र, सुक्या बर्फाच्या वजनासह
माझ्या नेत्रतपासणीचा अहवाल