माळवदाच्या लेखातलं खोडलेलं वाक्य

ती. अप्पा,

साष्टांग नमस्कार. तुम्ही जाऊन दोन वर्षं झाली. आज कागद घेऊन बसले, कारण सकाळी मल्लप्पा मिस्त्री दारात येऊन उभे राहिले. जळकोटचे मल्लप्पा. सोलापूरच्या एका दाताच्या डॉक्टरांनी नळदुर्गजवळ शेतात जुन्या पद्धतीचं घर बांधलं, त्याचं माळवद यांनी घातलं. लाकडाच्या तुळया आणि वर मातीचं छत. असं छत घालणारी माणसं आता शोधावी लागतात.

चहाला नको म्हणाले. म्हणाले, "ताई, डॉक्टर म्हनतेत औंदा माती टाकायची न्हाय. माळवदाला काय बी करावं लागत न्हाय, असं तुमीच लिहिलाव म्हनं."

हो अप्पा, मीच लिहिलं. पुण्याच्या त्याच डिझाइन ब्लॉगवर, ज्याचं नाव तुम्ही कधी नीट घेतलं नाही.

काय लिहितो आम्ही तिथं, सांगू? आमच्याकडे भिंत श्वास घेते, खुर्ची संवाद साधते, खिडकी गोष्ट सांगते. माणूस तेवढा गप्प! त्या माळवदाच्या घराबद्दल मी लिहिलं, 'इथं प्रकाशाचं मौन मातीच्या स्मृतीला स्पर्श करतं.' कसलं मौन? लाईट गेली होती. मी तासभर अंधारात बसून घाम पुसत होते. स्वयंपाकघराचे अकरा फोटो टाकले आणि एकातही मिसळणाचा डबा नाही. फोटोवाल्यानं तो उचलून बाहेर ठेवायला लावला. न्हाणीचं पाणी कुठं जातं, उन्हाळ्यात वरच्या खोलीत झोपता येतं का, हे विचारायचं नाही. विचारलं तर लेखाची नजाकत जाते म्हणे.

आणि आमचे संपादक! त्यांना संपादक म्हणताना माझी जीभ अडखळते. हा माणूस लेख वाचत नाही, चाळतो. फोटो उजळ करतो, मथळ्यात 'मनमोहक' घालतो आणि वाचणाऱ्याच्या कपाळाला आठी पडेल असं काही दिसलं की काढायला लावतो. याला ते संपादन म्हणतात. अशा संपादनापेक्षा लेख तसाच गेलेला बरा.

तुमच्या मुरुमच्या साप्ताहिकाची चारच पानं होती. पण बातमी आणणाऱ्याला तुम्ही समोरच्या बाकावर बसवायचात आणि त्याचीच बातमी त्याला मोठ्यानं वाचायला लावायचात. कुठं त्यानं घाईनं शब्द गिळले की तुमचा हात वर! "थांब. हितं पळालास. म्हंजे तुला बी म्हाईत न्हाय." पाणपोईच्या उद्घाटनाची ती बातमी आठवते? पानभर नुसती मान्यवरांची नावं. तुम्ही विचारलं, "पानपोईत पानी हाय का?" त्यानं ते बघितलंच नव्हतं. तुम्ही चपला घालून बघायला गेलात. रांजण कोरडा होता. पुढच्या अंकात तेवढंच छापलंत, आणि मान्यवर महिनाभर तुमच्याशी बोलले नाहीत. मला तेव्हा तुमची लाज वाटली होती.

आज मल्लप्पा म्हणाले, "काय लिहिलाव ते वाचून तर दावा." मी फोन काढून वाचायला लागले. दुसऱ्याच परिच्छेदात मी पळू लागले अप्पा! शब्द गिळायला लागले. आपल्याच घरात, आपल्याच लेखावर. ते शेवटपर्यंत ऐकत राहिले आणि म्हणाले, "लई गोड हाय. पर ताई, यात माळवद कुठं हाय?"

आता खरं सांगते. पहिल्या खर्ड्यात माळवद होतं. मल्लप्पांचंच वाक्य होतं: 'दर साली पावसाआधी पांढरी माती टाकून चोपावी लागती, गवत मुळासकट उपटावं लागतं, न्हायतर पहिल्या पावसातच घर गळतं.' संपादक म्हणाले, वाचक घाबरतील. मी ते खोडलं. वर 'देखभालीची चिंता नाही' हे माझ्या मनानं घातलं. संपादकांना नावं ठेवत इथं वर एवढं लिहिलं, पण ते वाक्य खोडणारा हात माझाच होता. मल्लप्पांचं नावही गेलं, त्या जागी 'स्थानिक हात' आले.

तुमच्यावर रागही आहे माझा. शेवटच्या आजारपणात मी तुम्हाला माझा एक लेख फोनवर दाखवला होता. चष्मा लावून तुम्ही सगळा वाचलात आणि एवढंच विचारलंत, "ह्ये कुनासाठी लिहिलीस?" एक बरा शब्द बोलला असता तर काय बिघडलं असतं? मी फोन हिसकावून घेतला आणि पुन्हा तुम्हाला काही दाखवलं नाही. तुम्ही मागितलंही नाहीत. फार वाईट वाटतं त्याचं. बाकावर बसवून मला एकदा तरी वाचायला लावायला हवं होतंत.

दुपारी संपादकांना कळवलं, ते वाक्य परत घाला, मिस्त्रींचं नाव घाला. उत्तर आलं, 'छान चाललाय लेख, आता कशाला हात लावायचा?' म्हणजे ते काही घालत नाहीत. आणि पाऊस तोंडावर आलाय.

तेव्हा अप्पा, तुम्हाला शब्द देते. हे पत्र संपवते आणि डॉक्टरांना फोन लावते. दोष ब्लॉगवर ढकलणार नाही, संपादकांचं नाव काढणार नाही. सांगेन, तो लेख माझा आहे आणि तो खोटा आहे. मल्लप्पांना माती घेऊन बोलवा.

तुमची,
सुवर्णा