खाचरातून खाचरात जाणारं पाणी

बाई, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, तरी आज हे तुमच्याशिवाय कुणाला सांगावं ते सुचत नाही. विंझरच्या शाळेत मी फळ्यावर गणित सोडवलं होतं. तुम्ही ते पुसलंत आणि म्हणालात, "उत्तर बरोबर आहे, पण ते तुझ्या एकटीपाशीच राहिलं." अजून डोळ्यांसमोर आहे: मी रागानं पुन्हा लिहितेय, मोठ्यानं सांगतेय, आणि तुम्ही मागच्या भिंतीला टेकून ऐकताय.

आता मी पुराचं पाणी कुठवर येईल ते संगणकावर काढते. धरणाखालच्या आमच्या वाडीचा पहिला नकाशा फसला. तो सुधारून आज काकूकडे गेले, कारण धरण भरत आलंय आणि तिचं घर अगदी नदीकाठी आहे.

"मागं पानी कौलापतूर येनार म्हनली व्हतीस, आता कमरेपतूर. उद्या काय म्हनशील?"

मी तिची भातखाचरं दाखवून सांगू लागले. नदीचे असेच कप्पे पाडायचे, आणि क्षणाक्षणाला एका कप्प्यातून दुसऱ्यात किती पाणी सरकतं ते काढायचं. बिचकत, ढोबळ मानानं काढलं तर लोंढ्याची उभी धार पसरट होते, त्याचा जोर कळत नाही. फार नेमकं काढायला गेलं तर त्या धारेपाशी पाण्याचा नसलेला उंचवटा उभा राहतो. कौलापर्यंत गेला तो तोच. म्हणून हिशोबाला लगाम घालायचा. त्याला फ्लक्स लिमिटर म्हणतात. तो शेजारच्या कप्प्यांतला चढउतार बघतो. पातळी हळूहळू बदलते तिथे नेमका हिशोब चालू देतो, एकदम बदलते तिथे आवरतो.

"म्हंजी त्यो पानी आडवतो?"

"पाणी नाही काकू, हिशोब आवरतो."

"मग पानी कोन आडवनार?"

बाई, मग मी तिची परात ओढून घेतली. परातीत पाणी ओतून दाखवलं. ती कौतुकानं बघत राहिली आणि चहा टाकायला उठली. शेवटी मी तिथंच चुलीपाशी बसून रडायला लागले. तिनं माझ्याकडे पाहिलं, चूल विझवली, गाई सोडल्या आणि माझ्याबरोबर वरच्या आळीत आली.

आता ती ओसरीवर बसून खाली घराकडे बघतेय. पाणी आलं नाही, तर पुढच्या वेळी ती उठणार नाही. मी कितीही रडले तरी. तुम्हाला लिहिलेला हा कागद मी घडी करून पिशवीत ठेवणार आहे. तिला काहीच कळलेलं नाही, बाई. आणि मी मघापासून पाणी यायची वाट बघतेय.